मतपत्रिकेवर न दिसणारा न्यायाधीश

मे २०१८मध्ये आमच्या कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या घरी टपालाने एक जाड पाकीट आलं. अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यानंतरची माझी ती पहिली मतपत्रिका. गव्हर्नर, सिनेटर, काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे) अधिकारी, कुठल्याशा कराचा प्रस्ताव असं सगळं त्यात होतं, आणि एका रकान्यात प्रश्न होता: ॲरन पर्स्की यांना सुपीरियर कोर्टाच्या न्यायाधीशपदावरून हटवावं का? हो किंवा नाही.

त्या रविवारी मी बाबांना फोनवर हे वाचून दाखवलं. बाबा साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात नाझर होते. सगळी नोकरी कोर्टात गेली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अगं, आमचे एक साहेब मंडईत भाजी आणायलासुद्धा जायचे नाहीत. कुणाशी ओळख नको म्हणून. आणि तुमच्याकडे न्यायाधीश मतं मागतो? मग तो निकाल कुणाकडे बघून देणार?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. नंतर बरंच वाचलं, विचारलं, कोर्टात जाऊन बसले. ते सगळं इथे सोप्या भाषेत मांडते, कारण आमच्या भागातल्या कितीतरी मराठी घरांत दर निवडणुकीला हा रकाना कोरा सोडला जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात. केंद्राच्या न्यायालयांतल्या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि मग ते तहहयात पदावर राहू शकतात. बातम्यांत जास्त दिसतात ते हे. पण चोरी, मारामारी, बलात्कार, खून, घटस्फोट, भाडेकरूचं भांडण असे बहुतेक खटले राज्याच्या न्यायालयात चालतात, आणि तिथला न्यायाधीश कसा येतो हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. बहुसंख्य राज्यांत, निदान काही न्यायाधीशांसाठी तरी, मतदान होतं. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीत एक सुपीरियर कोर्ट आहे. नावात सुपीरियर असलं तरी हे वरचं कोर्ट नव्हे. साक्षी-पुरावे होतात, ज्युरी (सामान्य नागरिकांचं पंचमंडळ) बसते, शिक्षा सुनावली जाते ते हेच. आपल्याकडच्या जिल्हा व सत्र न्यायालयाच्या जवळचं म्हणा.

महाराष्ट्रात न्यायाधीश व्हायचं तर लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर म्हणून सुरुवात करायची, किंवा काही वर्षं वकिली करून थेट जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं. पुढे बदल्या, बढत्या, गोपनीय अहवाल, सगळं उच्च न्यायालयाच्या हातात. राज्यघटनेच्या २३५व्या अनुच्छेदाने तो ताबा उच्च न्यायालयाला दिलेला आहे. साहेब आज वाईला, तीन वर्षांनी परभणीला.

कॅलिफोर्नियात अशी शिडी नाही. परीक्षा नाही, बदली नाही, बहुतेकांच्या वाट्याला बढतीही नाही. दहा वर्षं वकिली झालेली असली की माणूस पात्र ठरतो. त्यानंतर दोन वाटा. एक, जागा रिकामी असेल तेव्हा सरळ निवडणुकीला उभं राहायचं. दोन, गव्हर्नरकडे अर्ज करायचा. मग वकिलांच्या संघटनेची एक समिती तुमच्याबरोबर आणि तुमच्याविरुद्ध काम केलेल्या वकिलांना, न्यायाधीशांना गुपचूप विचारून तुमची पारख करते, शेरा देते आणि गव्हर्नर नेमणूक करतात. बहुतेक न्यायाधीश मुदत संपायच्या आधीच निवृत्त होतात. त्यामुळे जागा मध्येच रिकामी होते आणि ती गव्हर्नर भरतात. म्हणजे कागदावर हे पद निवडणुकीचं असलं तरी या खुर्चीवर बसलेले बहुतेक जण आधी नेमणुकीने आलेले असतात.

मुदत सहा वर्षांची. ती संपत आली की पुन्हा उमेदवारी भरायची. आणि इथे एक नियम आहे, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समोर कुणीच उभं राहिलं नाही, तर त्या न्यायाधीशाचं नाव मतपत्रिकेवर छापतच नाहीत. बिनविरोध. आपल्याकडे ग्रामपंचायत बिनविरोध झाली की निदान गुलाल उधळतात, पेपरात बातमी येते. इथे मतदाराला पत्ताही लागत नाही. आणि असं क्वचित नव्हे, बहुतेक वेळा होतं. ज्या वकिलाला उद्या त्याच न्यायाधीशासमोर उभं राहायचंय, तो त्याच्याविरुद्ध निवडणूक कशाला लढवेल?

पर्स्की यांची वाट अशीच होती. स्टॅनफर्डमध्ये पदवी, बर्कलीला कायद्याचं शिक्षण, काही वर्षं खासगी वकिली, मग १९९७पासून आमच्या सांता क्लारा काउंटीत सरकारी वकील. तिथे लैंगिक गुन्ह्यांचे खटलेही त्यांनी चालवले होते. २००२मध्ये न्यायाधीशपदाची निवडणूक लढवली आणि हरले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी त्यांना त्याच कोर्टावर नेमलं. म्हणजे मतदारांनी नाकारलेला माणूस वर्षभरात नेमणुकीच्या दाराने आत आला. यात बेकायदा काही नाही. आणि ज्यांनी नेमलं त्या डेव्हिस यांनाच ऑक्टोबर २००३मध्ये मतदारांनी मुदतीच्या मधे घरी पाठवलं.

मग आलं २०१६. स्टॅनफर्डच्या आवारात जानेवारी २०१५च्या एका रात्री ब्रॉक टर्नर नावाच्या विद्यार्थ्याने, पोहण्यातला खेळाडू होता तो, बेशुद्ध पडलेल्या तरुणीवर लैंगिक अत्याचार केला. सायकलवरून चाललेल्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी त्याला पळताना पकडलं. ज्युरीने तीन गुन्ह्यांत दोषी ठरवलं. जास्तीत जास्त शिक्षा चौदा वर्षांची होऊ शकत होती, सरकारी वकिलांनी सहा वर्षं मागितली. २ जून २०१६ला पालो आल्टोच्या कोर्टात पर्स्की यांनी सुनावले काउंटीच्या तुरुंगात सहा महिने, तीन वर्षांची प्रोबेशन (तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली राहणं) आणि लैंगिक गुन्हेगार म्हणून जन्मभराची नोंद. मोठ्या तुरुंगवासाचा या मुलावर गंभीर परिणाम होईल, असं त्यांनी म्हटलं. टर्नर तीन महिन्यांत बाहेर आला.

त्या मुलीने कोर्टात वाचलेलं निवेदन दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झालं आणि लाखो लोकांनी वाचलं. मीही वाचलं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, आणि बराच वेळ गाडीतून उतरवलं नाही मला. मला दोन मुली आहेत. न्यायाधीशाला गुन्हेगाराचं भविष्य दिसलं आणि तिचं दिसलं नाही, असं तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

आता तारखा बघा. निकाल २ जूनचा. काउंटीत मतदान ७ जूनला, म्हणजे पाचच दिवसांनी, आणि पर्स्की यांची सहा वर्षांची मुदत त्याच मतदानात नव्याने ठरायची होती. सगळा देश त्यांचं नाव घेत होता, पण काउंटीच्या मतपत्रिकेवर ते नव्हतं. अर्ज भरायची मुदत केव्हाच संपली होती, समोर कुणी नव्हतं. ते बिनविरोध निवडून आले.

मग उरला एकच मार्ग, रिकॉल, म्हणजे पदावरच्या माणसाला मुदतीच्या मधेच मतदानाने हटवणं. आपल्याकडच्या वाचकांना हा समजवायला मला 'आडवी बाटली'सारखं दुसरं उदाहरण सापडलेलं नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या गोळा करायच्या, त्या सह्या तपासल्या जातात, मग मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद. रिकॉलही तसाच दोन पायऱ्यांचा. आधी सह्या, मग हो किंवा नाही. फरक इतकाच की तेव्हा इथे सोबत दुसरा प्रश्नही असायचा: हटवलंच, तर त्यांच्या जागी कोण?

सह्या हव्या होत्या ५८,६३४. स्टॅनफर्डच्या कायद्याच्या प्राध्यापक मिशेल डॉबर यांच्या पुढाकाराने चाललेल्या मोहिमेने जवळपास ९५ हजार जमवल्या. सुपरमार्केटच्या दारात फळी घेऊन उभी असलेली मुलं मला आठवतात. विरोधातही मंडळी होती, आणि त्यात कोण होतं हे पाहून मी चकित झाले. गरिबांचे खटले लढवणारे सरकारी बचाव वकील विरोधात होते, कायद्याचे कितीतरी प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं असं की सौम्य शिक्षेबद्दल न्यायाधीशाची नोकरी गेली, तर उद्या प्रत्येक न्यायाधीश कडक होईल आणि त्याचा चटका स्टॅनफर्डच्या मुलाला बसणार नाही, आमच्या अशिलांना बसेल. न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या राज्याच्या आयोगानेही डिसेंबर २०१६मध्ये, पक्षपात वा गैरवर्तन सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला होता. आणि तशा गुन्ह्याला तुरुंगवास सक्तीचा करणारा कायदा सप्टेंबर २०१६मध्ये झालाही होता. म्हणजे शिक्षेतली पळवाट बुजली होती. उरला होता माणूस.

न्यायाधीशांना लोकांच्या मतावर ठेवायचं, ही कल्पना आली कुठून? मला आधी वाटायचं की लोकशाहीचा अतिरेक, दुसरं काय. पण तसं नाही. सुरुवातीला राज्यांत गव्हर्नर किंवा विधिमंडळ न्यायाधीश नेमायचं, आणि खुर्च्या आपल्या माणसांना वाटल्या जायच्या. मिसिसिपीने १८३२मध्ये सगळे न्यायाधीश निवडून द्यायचं ठरवलं. न्यूयॉर्कने १८४६मध्ये तोच रस्ता धरला आणि मग राज्यांची रांग लागली. न्यायाधीशाला सत्ताधाऱ्यांच्या मुठीतून सोडवायचं, हा त्यामागचा हेतू होता. बाबांचा प्रश्न तेव्हाच्या लोकांनीही विचारला होता, फक्त उलट्या बाजूने: गव्हर्नरने नेमलेला न्यायाधीश गव्हर्नरकडे बघूनच निकाल देणार ना?

रिकॉल आला १९११मध्ये. कॅलिफोर्नियात तेव्हा रेल्वे कंपनीचा शब्द विधिमंडळापासून कोर्टापर्यंत चालायचा, आणि गव्हर्नर हायरम जॉन्सन तिला आवर घालायच्या वचनावर निवडून आले होते. त्यांनी घटनादुरुस्ती आणली, आणि न्यायाधीशांनाही त्यातून वगळलं नाही. त्याच वर्षी ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळायचा होता. त्यांच्या घटनेतही न्यायाधीशांना परत बोलवायची तरतूद होती. राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट स्वतः न्यायाधीश राहिलेले. त्यांनी या एका तरतुदीपायी मंजुरी नाकारली. ॲरिझोनाने ती निमूट काढली, फेब्रुवारी १९१२मध्ये राज्य झालं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ती पुन्हा घटनेत घातली! हेच टाफ्ट पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले.

१९११मध्येच कॅलिफोर्नियातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. दोनच वर्षांनी, १९१३मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीस कोर्टातले न्यायाधीश चार्ल्स वेलर यांना रिकॉलने पायउतार व्हावं लागलं. कारण? बलात्काराच्या आरोपीचा जामीन त्यांनी कमी केला आणि तो पळाला. मोहीम बायकांनी चालवली होती. शंभर वर्षांचं अंतर सोडलं तर गोष्ट तीच. १९३२मध्ये लॉस एंजेलिसचे तीन न्यायाधीश गेले, ते मात्र दिवाळखोरीच्या प्रकरणांत मर्जीतल्या लोकांना कामं दिल्यावरून. त्यानंतर ८६ वर्षं कॅलिफोर्नियात एकाही न्यायाधीशावर ही वेळ आली नाही.

५ जून २०१८ला आली. ६१ टक्क्यांहून जास्त मतदारांनी 'हो' म्हटलं. जागेवर सिंडी हेंड्रिक्सन निवडून आल्या, त्याही सरकारी वकीलच.

मी 'हो'वर खूण केली होती.

त्या मताची मला लाज नाही. पण पुढे जे वाचलं ते मनातून जात नाही. दोन संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या सहा काउंट्यांतल्या शिक्षा तपासल्या. रिकॉलची मोहीम जाहीर झाल्याबरोबर, मतदान व्हायच्या कितीतरी आधी, न्यायाधीश सरसकट कडक झालेले दिसले. शिक्षा जवळपास ३० टक्क्यांनी वाढल्या होत्या. ज्यांचा स्टॅनफर्डशी, त्या खटल्याशी, माझ्या रागाशी काही संबंध नव्हता, अशा लोकांच्या शिक्षा. बचाव वकील नेमकं हेच सांगत होते. याहून जुना एक अभ्यास पेनसिल्व्हेनियातला आहे, १९९०च्या दशकातल्या बावीस हजारांवर शिक्षांचा. न्यायाधीशाची निवडणूक जसजशी जवळ येते तसतशी त्याची शिक्षा लांबत जाते, असं त्यात निघालं. सगळे जादा दिवस मिळवले तर बेरीज किमान १,८१८ वर्षं. न्यायाधीशाच्या मतदानाची तारीख जवळ आली म्हणून लोकांनी तुरुंगात काढलेली वर्षं.

इतर राज्यांत आणखी वेगळे पेच आहेत. टेक्ससमध्ये खटले चालवणारा न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर उभा राहतो आणि २०१८पर्यंत एकाच खुणेत पूर्ण पक्षाला मत देता यायचं. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाची लाट आली आणि रिपब्लिकन न्यायाधीश घाऊक पडले, कामसू आणि कामचुकार एकत्रच. त्याच लाटेत १७ कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायाधीश झाल्या. शहर जसं आहे तसं कोर्ट दिसू लागलं, ही गोष्ट मोठीच. पण कुणाला आणलं, कुणाला पाडलं, हे बहुतेक मतदारांना नाव घेऊन सांगता आलं नसतं.

पैशाचा प्रश्न तर सगळीकडे. फ्लोरिडात २००९मध्ये लनेल विल्यम्स-यूली या वकील काउंटी न्यायाधीशपदासाठी उभ्या राहिल्या आणि देणगी मागणारं पत्र त्यांनी स्वतःच्या सहीने पाठवलं. तिथे उमेदवाराने स्वतः पैसे मागायला बंदी आहे, त्यांच्या समितीने मागितले तर चालतात. त्यांना ताकीद मिळाली, प्रकरण थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी बंदी कायम राहिली. पत्र साधं होतं. पण पत्र मिळणारा वकील असेल, आणि उद्या त्याचा खटला याच बाईंसमोर असेल, तर तो 'नाही' कसं म्हणेल?

माझ्या मते आमच्याकडची खरी अडचण निवडणूक आहे ही नाही. निवडणूक असून नसल्यासारखी आहे, ही आहे. सहा-सहा वर्षं न्यायाधीशाचं काम कुणी बघत नाही, नाव छापलं जात नाही, आणि मग एका निकालावरून भडका उडतो तेव्हा मतदाराची आणि त्याची पहिली भेट होते. चाळण रोज वापरायची असते. आम्ही ती कोपऱ्यात ठेवून एकदम कुऱ्हाड उचलली. पर्स्की यांनी तेरा वर्षांत दिलेल्या इतर शेकडो शिक्षा कशा होत्या, हे मत देताना मला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं मी.

मत द्यायच्या आधी मतदाराला करता येण्यासारखं थोडं आहे, ते सांगते. नावाखाली व्यवसाय लिहिलेला असतो, तो नीट वाचा. पूर्वी सरकारी वकील तिथे हवं तसं भारदस्त बिरूद लावायचे. २०१७मध्ये कायदा बदलला आणि आता नोकरीचं खरं पदनामच लिहावं लागतं. स्थानिक वकील संघटना उमेदवारांना शेरे देतात, ते बघा. सगळेच उमेदवार सरकारी वकील असतील तर बचावाच्या बाजूने काम केलेलं कुणी आहे का, ते शोधा. आणि जमलं तर कोर्टात जाऊन बसा. कोर्ट उघडं असतं, कुणीही मागच्या बाकावर बसू शकतं. ओळखपत्रसुद्धा लागत नाही.

मार्च २०२४च्या मतदानाआधी मी एक सकाळ सॅन होजेच्या फौजदारी कोर्टात काढली. अटक झालेल्यांना पहिल्यांदा हजर करायची वेळ होती. एकेकाला तीन-चार मिनिटं. कुणाला स्पॅनिश दुभाषी, कुणाला व्हिएतनामी. एका मुलाची आई माझ्या शेजारी बसली होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला शर्ट. त्याचं नाव पुकारल्यावर ती उभीच राहिली, शिपायाने खुणेने बसवलं. न्यायाधीशांनी मान वर करून विचारलं, "या मुलाच्या घरचं कुणी आलंय का?" ती पुन्हा उठली. तो कामावर कुठे जातो, सुटला तर राहील कुठे, तारखेला आणून हजर कराल का, असं त्यांनी तिला दुभाष्यामार्फत विचारलं, उत्तरं लिहून घेतली आणि मगच सरकारी वकिलांकडे वळले. घड्याळात बघितलं मी, नऊ मिनिटं गेली होती. मागे रांग खोळंबली होती.

संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "शर्ट दिला का त्याला?" ते काही मला कळलं नव्हतं.

फोन ठेवून मी मतपत्रिका उघडली आणि त्या न्यायाधीशांचं नाव शोधलं. दोन्ही बाजूंनी बघितलं. नव्हतं. समोर कुणी उभंच राहिलं नव्हतं.